वेलदोड्याच्या वड्या

गोदाक्कांची गादी गुंडाळताना वॉर्डातल्या मावशींना उशीखाली स्टीलचा डबा सापडला. आहारतज्ज्ञ केतकीनं तो उघडला. आत तिनंच करून घेतलेल्या वड्या होत्या. तळच्या वड्यांना बुरशी आली होती.

आधी ती ताकदीची पावडर पाण्यात कालवून द्यायची. गोदाक्का नाक दाबून पेला रिकामा करायच्या, पण वासानं कधीकधी निम्मं उलटून पडायचं. केतकीला ते बघवेना. तिनं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याच पावडरीत खवा आणि वेलदोडा घालून वड्या थापून घेतल्या. पहिली वडी जिभेवर ठेवून गोदाक्का म्हणाल्या, "पोरी, हाताला चव आहे तुझ्या." तेव्हापासून बशी रोज रिकामी परत यायची. वजन मात्र उतरतच गेलं आणि आज पहाटे त्या गेल्या.

"मला तर रोज खाल्ली म्हणून सांगायच्या," केतकी म्हणाली.

शेजारच्या खाटेवरून शेवंताबाई बोलल्या, "औषध होतं तवर पीत होती. एवढा चांगला खाऊ एकटीनं कसा खायचा, म्हणायची. नातीसाठी ठेवत होती."

"पण इथं लहान मुलांना आत सोडत नाहीत."

"ते तिला कुणी सांगितलं न्हाई."

शेवंताबाईंनाही रोज हीच वडी मिळायची. केतकीनं आजची वडी त्यांच्या बशीत ठेवली. "तुम्ही तरी खाता ना?"

"खाते की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपली उशी हळूच जवळ ओढून घेतली.