पाच पायऱ्या

"आणखी चार आण," लेनोरा म्हणाली. "शेवटी मार्शल जिना चढून येतो ना, तसलेच भाग. ते गोळीबाराचे नकोत बाई."

डेलमर प्रुइटने मान डोलावली आणि तबकडीवर सुई टेकवली. रेडिओ स्टेशनच्या अडगळीतून तो या तबकड्या एकेक करून बरबँकला तिच्या घरी आणत होता. डॉक्टरांनी तिला नाताळपर्यंतची मुदत दिली होती.

नऊ वर्षं दोघांनी शनिवारच्या एकाच रेडिओ मालिकेवर पोट भरलं. लेनोरा हॉटेलची मालकीण, क्लिफर्ड बॅनिंग गावचा कायदा राखणारा मार्शल, आणि बाकी सगळे आवाज डेलमरचे: घोडे, दारं, वारा, प्रत्येकाची पावलं. नटमंडळी बूट काढून मोज्यांवर उभी राहायची, हूं की चूं नाही. चालायचा तो डेलमर, जाडजूड बूट घालून, पाच पायऱ्यांच्या लाकडी जिन्यावर. नऊ वर्षांत त्याचा एकच भाग चुकला. चोपन्नच्या नोव्हेंबरात अपेंडिक्स कापायला तो इस्पितळात पडला आणि दुसऱ्याच कुणी वेळ मारून नेली. त्याची त्याला अजून लाज वाटायची.

मग मार्शलची गोष्ट टीव्हीवर गेली आणि आवाजाची माणसं रस्त्यावर आली. क्लिफचं पोट कॅमेऱ्यात मावेना. लेनोराची कॅमेऱ्यापुढची चाचणी झाल्यावर एक पोरगेला साहेब म्हणाला, "बाई, आवाज लाखात एक, पण..." त्या 'पण'च्या पुढचं तिने ऐकून घेतलंच नाही. पर्स उचलली आणि चालू लागली.

रेडिओवरची मालिकाही पुढे बंद पडली. क्लिफ दारूपायी गेला.

लेनोराचा जीव मार्शलवर जडलाय, हे स्टुडिओत लहानथोर सगळे जाणून होते. क्लिफ बायकापोरांचा माणूस, म्हणून ही बिनलग्नाची राहिली, असंही बोललं जायचं. डेलमरने ते खरं मानलं आणि आपलं प्रेम गिळून टाकलं. एकदा नव्हे, नऊ वर्षं, दर शनिवारी. आता ती जायच्या आत एकदा तरी सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. रोज ठरवायचा आणि रोज घरी परत जायचा.

तबकडीतून क्लिफचा भरदार आवाज आला. "दिवा अजून जळतोय?" मग जिना वाजला. एक, दोन, तीन, चार... पाच. मग लेनोराचाच तरुण आवाज: "ये. कॉफी गरम आहे."

उशीला टेकलेल्या लेनोराने डोळे मिटून घेतले होते.

"पाचव्या पायरीआधी तो जरासा थांबतो," ती म्हणाली. "का रे थांबतो?"

"क्लिफला संवादांचं पान उलटायला वेळ लागायचा," डेलमर हसून म्हणाला. "त्याची बोटं म्हणजे मुळे नुसते."

तिने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं.

"हो का," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्याला काही बोलायचं असेल."

मेलेल्या माणसाशी कोण भांडणार? ओठांवर आलेलं त्याने परत पोटात ढकललं.

"शनिवारी चार घेऊन येतो," तो म्हणाला.

"ये."

शनिवारी नर्सने त्याला दारातूनच वाटेला लावलं. तबकड्या तेवढ्या आत गेल्या. मंगळवारी लेनोरा गेली. दफनाला जेमतेम सात माणसं होती, आणि डेलमर सगळ्यांत मागे उभा राहून लहान मुलासारखा रडला.

आठवड्याने तिची भाची मार्गी खोका घेऊन आली.

"मिस्टर प्रुइट, मावशी सगळ्या ऐकून गेली. शेवटच्या तर पुन्हा पुन्हा लावायला लावायची. एकच तिने लगेच बंद करायला लावली. तुम्हाला चिठ्ठीसकट परत द्या म्हणाली."

वेष्टनावर टाचणीने लावलेला कागद होता. अक्षर थरथरलेलं.

"डेलमर, ही नको. हिच्यात तो नाही."

मार्गी गेल्यावर त्याने ती तबकडी लावली. क्लिफ पहिल्या वाक्यापासून होता. घोडाचोराला दटावत होता, म्हाताऱ्या डॉक्टरची थट्टा करत होता. शेवटी "दिवा अजून जळतोय?"सुद्धा होतं, खणखणीत. मग जिना, मग कॉफी. दुखण्याने तिचं डोकंही पोखरलं होतं तर, ज्याच्यासाठी जन्म काढला त्याचा आवाजही बिचारीला ओळखू आला नाही, या विचाराने डेलमरला पुन्हा भडभडून आलं.

डोळे पुसून त्याने तबकडी उचलली आणि वेष्टनात घालता घालता मधल्या गोल कागदावरची तारीख वाचली. शनिवार, १३ नोव्हेंबर १९५४.