गुडघ्यावर नको

"चार शैली शिकवतो मी. बघा आणि सांगा, कुठली शिकायची ते," सर म्हणाले.

आणि त्यांनी कुंग फूच्या चारही चिनी शैली एकापाठोपाठ करून दाखवल्या. शाओलिनची लांब मूठ, विंग चुन, बगळा आणि शेवटी ताई ची. बघता बघता तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर ती गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायची आणि विचारायची, "ही बरी, की ही?" लोक बावचळून म्हणायचे, "दोन्ही सारख्याच वाटतात हो!" तेव्हा ती मनातल्या मनात हसायची. आता भोगा म्हणावं आपल्या कर्माची फळं.

"परत एकदा दाखवता?" तिनं विचारलं.

सरांनी परत दाखवलं. माणूस काटकुळा, पण सोशिक.

दाराजवळच्या बाकावर, काढून ठेवलेल्या चपलांशेजारी, तिचे वडील बसले होते. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. जन्मभर पावाच्या भट्टीवर कणीक तिंबलेले त्यांचे हात आत्ता मांडीवर गप पडले होते, पण आंघोळीला नेलं की त्यांना काय व्हायचं देव जाणे. ही कोण परकी बाई आपला सदरा ओढतेय, असं वाटून ते तिला मारायचे. परवा तर गालावरच बसली. कपाटाचं दार लागलं, असं तिनं दादाला सांगितलं. दादा काही दूधखुळा नव्हता. "आणखी एक वळ दिसला, की त्यांना आश्रमात ठेवणार. मग तू मध्ये बोलायचं नाहीस," त्यानं बजावलं होतं.

म्हणून ती इथं आली होती. तिला फक्त मार चुकवायचा होता. पण बापाचा मार चुकवायचाय, हे परक्या माणसाला सांगायला जीभ रेटेना. "एक माणूस त्रास देतो," एवढंच तिनं सांगितलं होतं.

"उंच आहे का तो?" सरांनी विचारलं.

"उंच आहे. हात दणकट आहेत."

"मग लांब मूठ घ्या. तो जवळ यायच्या आत तुमचा ठोसा पोचतो. फक्त ऐसपैस जागा हवी. तिथं जागा कितपत असते?"

"बादली ठेवून उरते तेवढी."

सरांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी खोदून विचारलं नाही. "बरं. मग बगळा. एका पायावर तोल सांभाळायचा, आणि..."

"फरशी ओली असते, सर."

"ओली? बरं, ताई ची घ्या. त्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा. तो आपोआप खाली पडतो."

"अगं बाई, पडायला नको!" ती एवढ्यानं ओरडली, की तिची तीच दचकली.

"ताई, जो मारायला येतो, तो पडायला नको?"

"म्हणजे... हळूच बसला तर चालेल. स्टुलावर."

सरांनी डोकं खाजवलं. "विंग चुन," ते शेवटी म्हणाले. "अडचणीच्या जागेत तेच बरं. त्याच्या हाताला आपला हात लावून ठेवायचा, म्हणजे तो मारणार हे आधी कळतं. आणि संधी मिळाली, की गुडघ्यावर एक लाथ."

"गुडघ्यावर नको," ती म्हणाली. "ऑपरेशन झालंय त्याचं."

सर तिच्याकडे बघतच राहिले. वैऱ्याच्या गुडघ्याची काळजी करणारी शिष्या त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. तिला हसूही येत होतं आणि रडूही. मारायचं नाही, पाडायचं नाही आणि मारही खायचा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! असली शैली चिन्यांनीच काढली नसेल, तर बिचाऱ्या सरांनी ती आणायची कुठून?

"असं करू," सर म्हणाले. "मी तो माणूस. मी हात उगारतो. तुम्ही काय करता ते बघू, मग ठरवू."

त्यांनी हात उगारला. तिनं घरी करायची तेच केलं. डोळे गच्च मिटले आणि खांद्यात मान घातली.

फाडकन आवाज झाला. तिला मात्र काहीच लागलं नाही. तिनं डोळे उघडले, तर सर गाल धरून उभे होते आणि दोघांच्या मध्ये तिचे वडील, मुठी वळून, धापा टाकत.

"बाईमाणसावर हात टाकतोस?" ते सरांवर ओरडले. "लाज नाही वाटत?"

सरांनी आधी त्यांच्या मुठी पाहिल्या, मग ते कुठल्या पायावर भार देत नाहीत ते पाहिलं. आणि ते मागे सरकले.

वडील तिच्याकडे वळले. कित्येक महिन्यांत त्यांनी तिच्या तोंडाकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. ओळखलं, तिला वाटलं. आता नावानं हाक मारतील. तिचा जीव नुसता कानांत गोळा झाला.

"लागलं नाही ना, बाई?" त्यांनी विचारलं. "घाबरू नका. मी थांबतो इथं. तुम्ही तुमच्या वडलांना बोलावून घ्या."

तिनं त्यांची मूठ दोन्ही हातांत धरली. त्यांनी ती धरू दिली.

"आलेत ते," ती म्हणाली.