सहा अक्षरांचा खण

हजेरीच्या छापील कागदावर सुलभा गाढवेंचं आडनाव पुन्हा इंग्रजीत ‘GADHAV’, म्हणजे गाढव, असं उमटलं, आणि कॉम्प्युटर विभागातले सगळे तोंड दाबून हसले.

"मशीनच्या मेमरीतल्या एका खणात सहाच अक्षरं मावतात, बाई. सातवं गळणारच," विभागप्रमुख सबनीस म्हणाले.

"मग संचालक चक्रदेवांना दोन खण कसे?"

"ते संचालक आहेत. जागा अशी कुणावरही उधळत नाहीत."

प्रोग्राम सुलभाच लिहायची. तिने त्याच दुपारी चक्रदेवांचा दुसरा खण काढून टाकला. दुसऱ्या दिवशी कागदावर त्यांचं नुसतं ‘CHAKRA’ उरलं. ते तडक विभागात आले.

"सहाच अक्षरं मावतात, साहेब," सबनीस पुटपुटले.

"इतके दिवस कशी मावत होती?"

सुलभा म्हणाली, "प्रत्येकाला दोन खण दिले तरी जागा उरते, साहेब."

"मग द्या," म्हणून ते निघून गेले.

सबनीस तिच्या टेबलाशी आले. "तुमची बदली केल्याशिवाय मी राहणार नाही."

"करा," सुलभा म्हणाली. "हुकमावर नाव पुरं येईल."