जाळ्यावरचे दिवे

विमान आलं तेव्हा जळबाला वाटलं, आपण डोळे उघडे ठेवूनच झोपलोय. सिद्धेश्वर धरणावर अमावस्येचा अंधार, आणि त्यात ते पांढरं धूड जराही आवाज न करता खाली आलं. जळबाच्या जाळ्यावरच्या दिव्यांच्या ओळीशेजारून पाण्यावर घसरलं आणि कलंडलं.

आठवड्यापूर्वीच गावात भोंगा फिरला होता. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची चाचणी आहे, जाळी टाकाल तर परवाना जाईल. पण विमानं दिवसा, मासे रात्री, असं म्हणत जळबाने जाळं टाकलंच होतं. बाकीचे कोळी जाळ्याला बॅटरीचे दिवे बांधतात. जळबाचे चोरीला गेले, तेव्हापासून तो डब्यांत तेलाच्या वाती लावायचा. वाती कोण चोरतो?

खिशातल्या मोबाइल, विडी-काडेपेटीसकट त्याने तराफ्यावरून उडी टाकली. कपाळ फुटलेल्या तरुण वैमानिकाला ओढून वर घेतलं.

"आत आनखी कोनी?"

"मी एकटाच," एवढं बोलून पोराने डोळे मिटले. जळबाच्या बायकोने, रूपाबाईने, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

चोराच्या मनात चांदणं. हे दिवे बघूनच पोरगं फसलं, जळबाला वाटलं. सकाळी साहेब येतील, परवाना फाडतील. वीस वर्षं याच पाण्यावर त्याची चूल पेटत होती. काठाकडे जाता जाता तो एकेक वात विझवू लागला.

"काहून इझवून राहिलात?" रूपाबाईने विचारलं.

"गप ऱ्हाय. आपलं जाळं हितं नव्हतंच."

सगळे दिवे गेले तशा पाण्यात चांदण्या उमटल्या. तराफा पाण्यावर आहे की आभाळात, कळेना. जळबाला फार हलकं वाटलं. त्याने काडेपेटी काढली, तर तिचा लगदा झालेला. असू दे. एक विडी ओढली नाही म्हणून कुणी मरत नाही.

पोराने डोळे उघडले. "दिवे कुठे गेले?"

"कोनते दिवे?"

पोरगं धडपडून उठायला लागलं. "लावा काका, लवकर लावा! आम्ही दोघंही वाट चुकलो, माझं तेल संपलं, तिचंही संपत आलंय. त्या ओळीमुळेच मला पाणी दिसलं. मागच्या विमानात माझी बहीण आहे. दिव्यांशेजारी उतर, असं रेडिओवर सांगितलंय मी तिला."

जळबाच्या मुठीतून काडेपेटीचं पाणी गळत होतं, आणि हट्टा गावाच्या बाजूने बारीक घरघर ऐकू येऊ लागली होती.