भोक पाडलेली कार्डं

“अहो, झाडून सगळ्या कार्डांना भोक आहे! नाहीतर चांगली किंमत आली असती,” दुकानदार म्हणाला. “पस्तीस वर्षांपूर्वी बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटची कार्डं, तीही अख्खा संच. कुणी केला हा उद्योग?”

शेजारी स्टुलावर बसलेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मान खाली घातली. उद्योग त्यांचाच होता. तेव्हा ते एसटीत कंडक्टर होते आणि मी चौथीत. वर्गातली पोरं माझी कार्डं लांबवायची आणि वर मलाच दरडावायची, “तुझं नाव लिहिलंय का यावर?” एकदा मी रडत घरी आलो, तेव्हा अण्णांनी तिकिटं पंच करायचा चिमटा काढला आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात कट्कन भोक पाडलं. “आता कुणी नेलं, तरी तुझंच म्हणून ओळखू येईल.”

“ठेवून जा, थोडेफार देतो,” दुकानदार म्हणाला.

“माझ्यामुळं नुकसान झालं रे तुझं,” अण्णा पुटपुटले.

“कसलं नुकसान, अण्णा? त्या पोरांकडे आज एक तरी कार्ड असेल का? ही भोकं होती, म्हणून माझी राहिली.” मी कार्डं डब्यात भरली आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

अण्णांनी वरचं कार्ड उचललं, भोकावरून अंगठा फिरवला आणि दुकानदारापुढे धरलं.

“बघा, एक तरी भोक वाकडं पडलंय का?”