सातवा विषय

"सातव्या विषयात कुणाचा हितसंबंध असेल, तर त्यांनी तसं सांगून बाहेर जावं," नगरपरिषदेच्या सभेत सचिवांनी वाचलं.

विषय ऑर्फियम थिएटर पाडून तिथे वाहनतळ करण्याचा होता. नोरा हॅलिवेल उभ्या राहिल्या.

"मी ऑर्फियमच्या विश्वस्त मंडळाची अध्यक्ष आहे."

बत्तीस वर्षं त्या पदावर होत्या. काल तिघांनी त्या पदाचा राजीनामा द्यायला सुचवलं होतं, निदान आजच्या मतापुरता. मतापुरता राजीनामा त्यांच्याच्याने लिहवला नव्हता.

समोरच्या बाकावर नगरसेवक बिकरडाइक कागदात डोकं घालून बसला होता. पाडकाम त्याच्या मेव्हण्याला मिळणार, हे हॅल्सडेन गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तो उठला नाही.

नोराबाई बाहेर आल्या. सभागृहाचा म्हातारा शिपाई एनॉक यानं त्यांच्या हातात चहा दिला.

"दोन चमचे साखर घातलीय. नको म्हणू नका."

त्यांनी नको म्हटलं नाही. दारापलीकडे कुणीतरी बोलत होतं, पण शब्द कळत नव्हते.

"आमची नात यंदा ऑर्फियममधल्या नाताळच्या नाटकात घोडा होणार आहे," एनॉक म्हणाला. "एका घोड्याच्या सोंगात दोघं. मागचे पाय तिचे. पुढचे पाय तिच्या नवऱ्याचे. घरी मात्र बरोब्बर उलट."

इथे हसायला हवं, हे नोराबाईंना कळलं. चेहरा हलला नाही.

"बाई, बसून राहिला असतात, तर कोण उठवणार होतं तुम्हाला?"

"नियम माझाच आहे, एनॉक. मी नगराध्यक्ष असताना आणलेला."

"बिकरडाइकनी कुठे पाळला?"

"त्याच्यासारख्यांसाठीच आणला होता."

नोराबाईंनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसला.

दार उघडलं. सचिव स्वतः आले होते.

"चौदा विरुद्ध चौदा," ते म्हणाले. "नगराध्यक्षांनी आपलं निर्णायक मत पाडण्याच्या बाजूनं टाकलं." मग थोडं थांबून, "आठवा विषय घेतोय. या आता."

नोराबाई आत जाऊन आपल्या जागी बसल्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त बिकरडाइकनं मान डोलावली, अगदी सभ्यपणे.

आठवा विषय बागेतल्या बाकांच्या रंगाचा होता. हिरवा असावा, असं कुणीतरी मांडलं. हात वर झाले; नोराबाईंचाही झाला. सचिवांनी मोजले. एकमतानं मंजूर. कागद उलटले गेले आणि नववा विषय सुरू झाला.

"मिसेस हॅलिवेल," सचिव खाली वाकून हळूच म्हणाले, "मोजून झालं. हात खाली घ्या."