झुडपाचं ठिकाण

वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात नोंदी तपासणाऱ्या बाईंना दुसऱ्याची चूक सापडली, की त्यांचा दिवस सत्कारणी लागायचा. आज मात्र त्यांनी एक नोंद पुन्हा पुन्हा वाचली. कागदावर चिकटवलेला, वाळवंटातल्या दुर्मिळ झुडपाचा एकुलता एक नमुना उद्या कोर्टात जाणार होता. त्याच्या जोरावर, तो जिथे सापडला तिथली खाण थांबणार होती. खाली ‘गोळा करणारा’ म्हणून सही बाईंच्या बाबांची आणि तारीख बाईंच्या जन्माची! त्यांनी आईला फोन लावला. “मी झाले त्या दिवशी बाबा वाळवंटात होते?” “काहीतरीच काय! दवाखान्याच्या दारातून हलले नाहीत ते.” “मग हे झुडूप?” “ते होय? कुणीतरी आणून दिलं होतं. ह्यांनी नकाशात बोट ठेवून ठिकाण लिहिलं आणि तारीख तुझी घातली, हौसेनं!” बाबा तेव्हा जवळ नसते तर बरं झालं असतं, असं बाईंना जन्मात पहिल्यांदा वाटलं. ‘ठिकाण’पुढचं बाबांचं अक्षर खोडून त्यांनी लिहिलं: अज्ञात.